हळदीच्या गोदामातली मांजरी

चार दिवसांसाठी आलेली बाई मांजर घेऊन येत नाही. वन्सं आमच्या दारात टांग्यातून उतरल्या, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. साताऱ्याला दिलेली. काखेत गाठोडं, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली एक दुरडी. दुरडीवर जुन्या लुगड्याचा तुकडा सुतळीनं गच्च बांधलेला, आणि तो तुकडा आतून मधूनमधून वर उचलला जात होता.

"वन्सं, हे काय आणलंत?"

"मांजर हाय वयनी. लय गरीब हाय, तरास न्हाई द्यायची. मोटारीचा क्लीनर म्हनला, बाई, ह्येचं अर्धं तिकीट पडंल. मी म्हनलं, बाबा, आदी तिला बसायला बाकडं दे, मग काढती तिकीट!"

हे खळखळून हसले. टांगेवालाही हसला. मीही हसले, पण माझी नजर गाठोड्यावर होती. दोन लुगड्यांचं गाठोडं एवढं फुगत नाही. आत नेऊन ठेवताना मी ते दाबून पाहिलं. वाकळ होती. उन्हाळ्यात, चार दिवसांसाठी, अंथरूण-पांघरुणासकट! "चार दिस ऱ्हाती नि जाती," असं त्या दारातच म्हणाल्या होत्या. कुणी न विचारता म्हणाल्या, म्हणून मला जास्तच खटकलं.

तेव्हा आम्ही सांगलीत पेठेच्या मागं राहत होतो. एका जैन व्यापाऱ्याचं हळदीचं गोदाम होतं, त्याच्या पाठीला दोन खोल्या. हे त्याच व्यापाऱ्याच्या दुकानात काट्यावर होते. सकाळी जात ते दिवेलागणीला परत. व्यापाऱ्याची म्हातारी आई शेजारच्या घरात राहायची, तिला सगळे अव्वा म्हणत. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या, आणि चूल पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आली होती. लढाई संपली होती, पण धान्याची कार्डं काही संपली नव्हती. वन्संचं नाव साताऱ्याच्या कार्डावर. सातारा इंग्रजांचा, सांगली संस्थानची. तिकडचा जोंधळा इकडं आणायची चोरी. म्हणजे दोघांच्या वाटणीत आता तिसरं माणूस, आणि वर मांजर.

हे सगळं मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र कारण म्हणूनच मनाशी घोकत होते.

वन्संनी मांजर घरात घेतलं ते रीतीनं. दुरडी उंबऱ्याबाहेर ठेवून आधी मागचं-पुढचं दार लावून घेतलं, मग दुरडी चुलीपुढं आणली. वरचं फडकं न सोडता दुरडी चुलीवरून तीनदा ओवाळली. गाठोड्यातून एक वाटी काढली. तिच्या तळाला बोटभर तूप होतं. मी बघतच राहिले. सासरहून तूप घेऊन निघालेली बाई परत जायला निघालेली नसते.

फडकं सोडलं तसं आतून एक पांढरं तोंड वर आलं. डोळे हे एवढे मोठे. उजवा कान टोकाशी फाटलेला, जणू कुणी कात्रीनं तिकोना काढून घेतलाय.

"कानाला काय झालं तिच्या?"

"लागलं कायतरी," वन्सं म्हणाल्या. "फेकलेलं लागलं."

कुणी फेकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांनी तिच्या चारी पंजांना तूप चोळलं, एकेक बोट उकलून. "आता ही ते चाटत बसंल," त्या म्हणाल्या. "चाटता चाटता तिला ह्या घरचा वास ठावा हुतो. सात दिस दारं बंद ठेवायची. आठव्या दिशी तिच्या पायानं भायेर जाऊ द्यायचं, तिच्या पायानं परत येऊ द्यायचं. आली, की ती ह्या घरची."

सात दिवस! मी बोटांवर मोजलं. चार दिवसांसाठी आलेल्या वन्सं आठव्या दिवसाची गोष्ट बोलत होत्या.

मांजरी पंजे चाटत बसलीच नाही. वाटी ओलांडून जी पळाली ती उतरंडीच्या मागं जाऊन बसली. मडक्यांच्या आणि भिंतीच्या मधली ती फट, तिच्यात मला हातही घालता येत नसे. तिथून दोन हिरवे डोळे माझ्याकडं बघायचे. मी भाकरी थापायला बसले की बघायचे, उठले की बघायचे. मीही बघायची. त्या घरात आम्ही दोघीच एकमेकींवर पाळत ठेवून होतो.

"वयनी, तिच्याकडं असं बघू नगा," वन्सं एकदा हसून म्हणाल्या. "टक लावून बघितलं की तिला वाटतंय, ही धरनार. आपन आपलं काम करायचं. तिला न बघितल्यावानी करायचं. मग ती आपनहून येती."

त्यांनी एका जुन्या घमेल्यात चुलीची राख घालून ते उतरंडीजवळ ठेवलं, मांजरीच्या सोयीसाठी. सकाळी उठून आधी ते घमेलं साफ करायच्या, मग तोंड धुवायच्या. आपली वाकळ रोज उतरंडीच्या तोंडाशी अंथरायच्या आणि तिच्यावर पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडायच्या. तोंडानं काहीबाही पुटपुटत असायच्या. "ये गं बाय. हितं कोन न्हाई आपल्याला मारायला. ये."

मी ऐकलं ते. आपल्याला मारायला.

ह्यांना मांजरी दिसलीच नाही म्हणायला हरकत नाही. पहिल्या दिवशी दुरडी सोडायच्या आधीच हे दुकानात गेले होते. पुढं घरी यायचे तेव्हा अंधारलेलं असायचं, आणि ती उतरंडीमागं. एकदा शेपटीचं टोक तेवढं दिसलं म्हणाले.

आता पिठाची गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सगळंच सांगायचं ठरवलंय. डब्यातलं पीठ मी हातानं सपाट करायची आणि वरून बोटानं एक वाकडी रेघ ओढून ठेवायची. कुणी मूठभर जरी घेतलं तरी रेघ मोडणार. पहिला दिवस रेघ जशीच्या तशी. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं, तर रेघ नाही! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चोर सापडल्याचा आनंद. मग हात घालून पाहिलं, तर पीठ वाढलेलं. वन्संनी पहाटे उठून अव्वांकडचं दळण दळून दिलं होतं, आणि अव्वांनी त्याबद्दल दिलेलं शेरभर पीठ माझ्या डब्यात ओतलं होतं.

दुसऱ्या एखादीला यावर वाईट वाटलं असतं. मला वाटलं, तीन दिवसांत हिनं अव्वांच्या घरातही पाय रोवला.

वन्सं दळत असतानाच मी त्यांच्या हातावरचा डाग पाहिला. पुढच्या पहाटे जात्याची घरघर ऐकून मी मुद्दाम अव्वांच्या सोप्यात गेले, कोण काय बोलतंय ते बघायला. वन्संचा हात खुंट्याबरोबर गोल फिरत होता आणि बांगड्या कोपराकडं सरकल्या होत्या. हाताच्या आतल्या अंगाला एक डाग होता. उलथन्याच्या पात्यासारखा, सरळ कडांचा.

त्यांनी माझी नजर बघून पदर ओढला. "भाजलं चुलीवर."

चुलीवर भाजलेला डाग तसा नसतो, हे रोज चूल पेटवणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मी म्हणाले, "जपून करावं." एवढंच म्हणाले.

चौथ्या संध्याकाळी मांजरी उतरंडीमागून बाहेर आली. मी भाकरी करत होते. परातीतून मान वर केली तर ती वाकळेच्या कडेला उभी, एक पंजा उचललेला. वन्सं जागच्या हलल्या नाहीत, तिच्याकडं बघितलंही नाही. ती आली, वाकळ हुंगली, वन्संच्या मांडीला डोकं घासलं आणि परत गेली. वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या तांदूळ निवडत होत्या.

त्याच दिवशी जेवताना हे म्हणाले, "आक्का, तू आता हितंच ऱ्हा. कार्डाचं मी बघतो. मालकांची वळख हाय कचेरीत."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तेव्हा मी असा केला, की झालं माझ्या मनासारखं, असं त्या मला हिणवताहेत. आज वाटतं, त्या मला विचारत होत्या. मी ताटातलं मीठ कालवत बसले.

पाचव्या दिवशी दुपारी वन्सं धुणं घेऊन कृष्णेवर गेल्या. मी घरात एकटी. मांजरी वाकळेवर आली होती, पोट पसरून झोपली होती. मी मागचं दार उघडलं.

इतकी वर्षं हे मी स्वतःलाही निराळं सांगत आले. दार उघडं राहिलं, कडी नीट लागली नव्हती, असं. कडी नीट लागली होती. मी ती काढली. आणि तेवढ्यावर भागलं असतं तरी मी दाराला दोष देऊ शकले असते. भागलं नाही. मांजरी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, बाहेर बघितलं, आणि तिथंच बसून पंजा चाटायला लागली. तिला जायचं नव्हतं. मी परात उचलली आणि तिच्या मागं फरशीवर आपटली.

ती गेली कुठं हे मला दिसलंही नाही. दिसलं ते समोरच्या ओट्यावर बसलेल्या अव्वा. सुपात हरभरा निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा निवडायला लागल्या.

वन्सं आल्या. ओलं धुणं खांद्यावर तसंच. त्यांना उतरंडीमागं वाकून बघावं लागलंच नाही. वाकळेकडं बघूनच त्यांना कळलं. मी सांगणारच होते की कडी नीट लागली नव्हती, पण मला खोटं बोलायची पाळीच आली नाही. त्याच म्हणाल्या, "वाऱ्यानं उघाडलं असंल." वारा कुठला? वैशाखातली दुपार, पान हलत नव्हतं.

दोन दिवस त्या शोधत फिरल्या. घाटावर, गणपतीच्या देवळामागं, गुळाच्या वखारींतून. राखेचं घमेलं आणि वाकळ मागच्या दाराबाहेर ठेवली, वासानं येईल म्हणून. संध्याकाळी दाराशी बसून "ये गं बाय, ये गं बाय" अशी हाक मारायच्या. ओरडून नाही, जवळच्या माणसाला मारतात तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मांजर घराला धरतंय म्हनत्यात, मानसाला न्हाई. ती तिकडं तर गेली नसंल?"

"आक्का, सातारा काय शेजारची आळी हाय व्हय?" हे म्हणाले. "मांजर एवढ्या लांब जातंय कुठं?"

इथं मी गप्प बसले असते तरी पुष्कळ झालं असतं. मी म्हणाले, "असं कसं? आमच्या माहेरी, कडेगावाकडं, मावशीला दिलेलं मांजर चार दिवसांत चालत परत आलं होतं. ओढा ओलांडून. मुकं जनावर, पण आपलं घर विसरत नाही."

गोष्ट खरी होती. मावशीचं गाव दोन कोसांवर होतं, एवढंच मी सांगितलं नाही.

वन्संच्या तोंडावर भीती दिसली. मला वाटलं होतं, आनंद दिसेल. "आनि ती तिकडं गेली," त्या हळू म्हणाल्या, "तर त्ये तिला ठिवत्याल व्हय? मागच्या खेपेला कान ग्येला." मग एकदम उठल्या. "मी जाती. घिऊन येती तिला. परवा परत. वाकळ ऱ्हाऊ द्या हितंच."

"मी येतो संगं," हे म्हणाले. पण बाजाराचे दिवस होते, हळदीची आवक जोरात चालू होती, काटा सोडून जायची सोय नव्हती. वन्सं म्हणाल्या, "तू कशाला? चोरावानी जाती नि येती." मी त्यांना भाकरी बांधून दिली. सोबत लसणाची चटणी दिली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि सकाळच्या मोटारीनं गेल्या.

परवा आल्या नाहीत. तेरवाही नाही. आठव्या दिवशी पोस्टाचं कार्ड आलं, त्यांच्या नवऱ्याच्या हातचं. "घरचे माणूस घरी सुखरूप पोचले. यापुढे पाठवणे होणार नाही." ह्यांनी ते उभ्यानं वाचलं. घडी घालून टोपीत ठेवलं.  मग म्हणाले, "तिचं मन तिकडंच हाय म्हनायचं. मी आपला उगा कार्डाच्या मागं लागलो."

बहिणीनं आपल्यापेक्षा ते घर पसंत केलं, असं त्यांना वाटलं. ते तसंच राहू दिलं मी.

दोन दिवसांनी भांडी घासायला मागं गेले, तर गोदामाच्या भिंतीवर एक पिवळी मांजरी बसलेली. पिवळी म्हणजे पिवळीधमक, नवरीला हळद लावल्यासारखी. मिशासुद्धा पिवळ्या. डोळे हिरवे, आणि उजवा कान टोकाशी फाटलेला.

ती कुठंच गेली नव्हती. आमच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर, गोदामाच्या फुटक्या कौलातून आत उतरून, हळदीच्या पोत्यांत ती बसून होती. वन्सं घाटावर हाका मारत फिरत होत्या तेव्हा ती तिथंच होती. मागच्या दाराशी बसून मारलेल्या हाका तिला ऐकू गेल्या असणार. पण त्या दाराशी परातीचा आवाज होता ना.

माझ्या हातातून तांब्या पडला. ती भिंतीवरून नाहीशी झाली. मला वाटलं, गेली तर बरं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की ही गेली तर मी कायमची बुडाले.

मी वाकळ काढली. मागच्या दाराच्या आत अंथरली, दार अर्धं उघडं ठेवलं, वाकळेवर पाठमोरी बसले आणि तांदूळ निवडायला घेतले. मागं वळून बघायचं नाही, न बघितल्यावानी करायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आली, मी श्वास घेतला तशी पळाली. तिसऱ्या दिवशी वाकळेला नाक लावून उभी राहिली. कितीतरी वेळ हुंगत होती. मग वाकळेच्या पार त्या टोकाला, माझ्यापासून होईल तितकी लांब, अंगाचं मुटकुळं करून बसली. मी हळूच पाय लांब करून दार ढकललं आणि कडी लावली.

मग सगळं केलं. राखेचं घमेलं ठेवलं. तूप आमच्या घरात नव्हतं, ते अव्वांकडं मागितलं. सात दिवस दारं बंद ठेवली. माझ्या हातून पंजांना तूप चोळून घ्यायला तिला पाच दिवस लागले, आणि पाचव्या दिवशीही ती माझ्या हातात ताठच होती. ती मला ओळखत होती. मी परात नुसती भिंतीला टेकवली तरी उतरंडीमागं जायची. शेवटी मी परात वापरणंच सोडलं, पीठ लाकडी काटवटीत मळू लागले.

"ही पिवळी कुठली?" ह्यांनी एका रात्री जेवताना विचारलं.

"गोदामातली," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मालकांच्या हळदीत लोळतीया. वजनाला कमी भरली तर तिलाच काट्यावर बसवाय पायजे," म्हणाले, आणि संपलं. पांढरी त्यांनी बघितलीच नव्हती. पिवळेपण उतरायला महिना लागला, तोवर ती घरची मांजरी झाली होती.

अव्वांनी मात्र विचारलं. "ती पांढरी न्हवं काय गं ही?"

"न्हाई अव्वा."

"बरं. असंल." मग त्यांनी अट घातली, घरात शिकार करू द्यायची नाही, उंदीर धरला तर सोडवायचा. ही अट मांजरीनं कधी पाळली नाही. मी मेलेले उंदीर राखेत लपवून अव्वांच्या नकळत टाकून यायची. त्यांना तेही कळत असेल. त्या दिवशी जाताना अव्वा म्हणाल्या, "मांजर आपनहून ग्येलं का घालवलं, त्ये मांजरालाच म्हाईत असतंय बाई."

आणि पत्र. आमच्या घरातली पत्रं मीच लिहायची. चार बुकं माझी जास्त झाली होती. मी एक कार्ड लिहिलंही. "मांजर सापडले. सुखरूप आहे. आपण निघून यावे." तीनच ओळी. ते पिठाच्या डब्याखाली आठ दिवस होतं. मी स्वतःला सांगायची, की कार्ड त्यांच्या नवऱ्याच्या हाती पडेल, वन्संना उलट त्रास होईल. हे खरंही असेल. पण ह्यांना सांगता आलं असतं. हे जाऊन घेऊन आले असते. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वन्सं आल्या असत्या. कार्ड मी चुलीत घातलं. त्या हाताचा डाग बघितलेला असूनही घातलं.

त्या दिवाळीला हे भाऊबीजेला साताऱ्याला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, की बहीण ओवाळताना सगळं घर भोवती बसलं होतं, एक शब्द एकटीशी बोलता आला नाही.

पुढच्या दिवाळीला वन्सं इकडं आल्या. एक दिवसासाठी. बरोबर त्यांचा दीर होता, परत घेऊन जायला. तो बाहेरच्या खोलीत ह्यांच्याशी बोलत बसला. वन्सं आत आल्या. गळ्याची हाडं वर आली होती. चुलीशेजारी वाकळ होती, त्यांचीच, आणि वाकळेवर मांजरी. दुधासारखी पांढरी.

मला वाटलं होतं, मी तिला कोंडून ठेवीन. सकाळपासून ठरवत होते. केलं नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. बहुतेक मला पकडलं जायचं होतं.

वन्सं दारातच थांबल्या. मांजरीनं मान वर केली.

"ही कवा आली वयनी?"

"ही? ही... परवाच," मी म्हणाले. "गोदामातली."

परवा आलेली मांजरी वाकळेवर अशी पसरत नाही. वन्संनी माझ्याकडं बघितलं नाही. मांजरीकडंही टक लावून बघितलं नाही. त्या वाकळेच्या कडेला पाठमोऱ्या बसल्या. थोड्या वेळानं मांजरी उठली, त्यांच्या मांडीला डोकं घासलं, आणि मांडीवर चढून बसली. माझ्या मांडीवर ती दीड वर्षात कधी बसली नव्हती.

"चांगली रुळलीया," वन्सं म्हणाल्या. फाटक्या कानावरून बोट फिरवत राहिल्या. "माझीबी अशीच एक हुती." मग म्हणाल्या, "बरं केलंत सांभाळलीत त्ये."

त्या एवढंच बोलल्या. मी भाकऱ्या करत होते. माझी पाठ त्यांच्याकडं होती. बोलायला तेवढा वेळ पुरला असता.

हे मी लिहितेय तेव्हा मी पन्नाशीला आले आहे. मांजरी कधीच गेली. तिच्या नातीपणतींनी पेठेतली निम्मी गोदामं भरली आहेत. वन्सं साताऱ्यातच आहेत, त्याच घरात. हे अजून काट्यावर जातात, आणि बहिणीचं मन तिकडंच होतं असं अजून म्हणतात. हे कागद मी आधी त्यांच्याच हातात देणार आहे. मग ते काय म्हणतील, मला माहीत नाही.

त्या दिवशी दुपारी टांगा दारात आला. हे आणि दीर पुढं होते. वन्संनी मला कुंकू लावलं, चपला घातल्या आणि मागच्या बाजूनं अव्वांना भेटून पुढं निघाल्या. मांजरी त्यांच्यामागं निघाली. उंबरा ओलांडला, ओटा उतरली, आणि त्यांच्या पावलांशी पावलं टाकत गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. वन्सं थांबल्या. खाली वाकल्या, तिला उचललं, परत आल्या आणि माझ्या हातात दिली. ती माझ्या हातात ताठ झाली.

"आत घ्या तिला वयनी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अजून ऐकू येतं. "दार लावून घ्या. कडी नीट लावा."

मी आत आले, दार लावलं, कडी घातली. टांगा निघाल्याचा आवाज आला, मग घोड्याच्या टापा पेठेकडं वळल्या. मांजरी दाराशी जाऊन लाकूड ओरबाडत होती. माझा हात कडीवर होता. टापा ऐकू येईनाशा झाल्या तरी मी तो तिथून काढला नाही, आणि कडीही काढली नाही.